मामांच्या गणपतीचा चेहरा आणि स्टुडंट लायसन

खानापूर तालुक्यातला एक मुलगा बेळगावात ॲनिमेशन शिकतो, दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने विचारलंय: "कॉलेजच्या ओळखपत्रावर मला झीब्रशचं, म्हणजे संगणकावर मूर्ती घडवायच्या सॉफ्टवेअरचं, स्टुडंट लायसन मिळालंय. माझ्या मामांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. त्यांच्यासाठी मी नवीन चेहरा केलाय, मामा त्याचा साचा काढणार आहेत. त्यांच्याकडून मी पैसे घेत नाही. आता एक मंडळ म्हणतंय, असाच चेहरा आम्हालाही करून दे, 12 हजार देतो. दोन्ही कामं स्टुडंट लायसनवर चालतील का? कमर्शियलचे पैसे आत्ता माझ्याकडे नाहीत."

मी गेली 14 वर्षं संगणकावर असे आकार घडवायचंच काम करतो. निम्मं काम बेळगावच्या उद्यमबागेतल्या, धातू ओतणाऱ्या फौंड्र्यांचं, म्हणजे कास्टिंगवरची अक्षरं, चिन्हं, नक्षीचे पॅटर्न (ज्यावरून साचा काढतात तो नमुना). उरलेलं मूर्तिकारांचं आणि शहापूरच्या सराफांचं. त्यामुळे तुझा प्रश्न मला पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही.

आधी उत्तर सांगतो. दोन्ही कामं चालणार नाहीत. मंडळाचं चालणार नाही हे तुला मनातून माहीत आहे, म्हणूनच तू विचारलंस. पण मामांचंही चालणार नाही, आणि तुझी खरी गफलत तिथे होते आहे. दुसरी गोष्ट, कमर्शियल लायसन आत्ताच घ्यायची गरजही नाही. दोन्ही कामं कायदेशीर मार्गाने, सॉफ्टवेअरवर एक रुपया न घालता होतील. थोडे कष्ट जास्त पडतील, एवढंच.

मामांचं काम का चालत नाही, ते आधी बघू. आपल्याकडे घरचं काम म्हणजे धंदा नव्हे असं आपण धरून चालतो. "घरचंच काम की रे, त्याला कसलं लायसन?" हे वाक्य मी चार मूर्तिकारांच्या तोंडून तरी ऐकलंय. पण लायसनच्या अटीत तुला किती पैसे मिळाले हा मुद्दा नसतो. काम कशासाठी झालं हा मुद्दा असतो. मामा त्या चेहऱ्याचा रबरी साचा काढणार, त्या साच्यातून शाडूचे शे-दीडशे चेहरे दाबणार, रंगवणार आणि विकणार. पैसा तुझ्या खिशात आला नाही तरी तो त्या फाईलवरून येतोय. झीब्रश बनवणाऱ्या मॅक्सन कंपनीचं शिक्षणासाठीचं लायसन शिकण्या-शिकवण्यापुरतं आहे, व्यवसायासाठी नाही. भाचा म्हणून तू फुकट केलंस, हे तुमच्या घरातलं प्रेम झालं. कारखान्याच्या दृष्टीने ते उत्पादनासाठी केलेलं डिझाईनच आहे.

याउलट, तोच चेहरा तू कॉलेजच्या असाइनमेंटसाठी केलास, परीक्षेला दाखवलास, पोर्टफोलिओत लावलास, तर काही अडचण नाही. पोर्टफोलिओ दाखवून उद्या नोकरी मिळाली तरी नाही, कारण विकलं गेलं ते तुझं कौशल्य, ती फाईल नव्हे. बक्षिसाच्या स्पर्धा, पगारी इंटर्नशिप, घरी चालवलेले क्लास ही मधली ठिकाणं आहेत. तिथे प्रत्येक कंपनीची अट वेगळी निघते. इंटर्नशिपमध्ये तर सरळ नियम ठेव. ज्यांच्यासाठी काम करतोस त्यांनी त्यांच्या लायसनवर तुला बसवावं, तुझा लॅपटॉप आणि तुझं स्टुडंट लायसन त्यांच्या कामाला लावायचं नाही. बरेच स्टुडिओ "तुझ्याकडे आहे ना सॉफ्टवेअर?" असं सहज विचारतात. तेव्हा "आहे, पण शिकण्यापुरतं" असं सांगायला लाजू नकोस.

हे मी एवढं ठासून सांगतोय, कारण मी एकदा ती किंमत मोजली आहे. धंद्यातलं माझं दुसरं वर्ष. एका कारखान्याने लोखंडी फाटकावर बसवायच्या बिडाच्या चकतीचं काम दिलं: मधे घोड्याचं डोकं, भोवती वेलबुट्टी. कॉलेज संपून काही महिनेच झाले होते आणि स्टुडंट लायसनची मुदत अजून शिल्लक होती. मी त्यावरच काम केलं. पॅटर्न झाला, नमुन्याची कास्टिंग झाली, घोड्याची आयाळ इतकी सुरेख उतरली की मोल्डिंगवाल्या मिस्त्रींनी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. मग कारखान्याच्या परदेशी गिऱ्हाइकाने एक कागद मागितला: डिझाईनच्या फाईली परवाना असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केल्या आहेत, असं लेखी द्या, सोबत सॉफ्टवेअरचं बिल जोडा. माझ्याकडे बिल नव्हतं. खोटं लिहून द्यायचं नव्हतं. कारखान्याच्या मालकांसमोर बसून खरं ते सांगितलं आणि तोच घोडा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून केला. 11 दिवस गेले. नवा पॅटर्न माझ्या खर्चाने झाला. काम हातातून गेलं नाही, पण त्या मालकांनी पुढची दोन वर्षं माझ्याकडे काम पाठवलं नाही. बेळगावात फौंड्रीवाले एकमेकांना ओळखतात. इथे शब्दाला वजन आहे, तसंच तो मोडल्याचीही बातमी पोचते.

"एसटीएल फाईलवर कुठे लिहिलेलं असतं स्टुडंट म्हणून?" हा प्रश्न तुला कुणीतरी विचारेलच. खरं आहे, एसटीएल म्हणजे थ्रीडी छपाईला जाणारी फाईल, त्यात नुसते त्रिकोण असतात, लायसनची खूण राहत नाही. पण मूळ फाईलचं तसं नसतं. हुडिनी या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं फुकटचं अप्रेंटिस व्हर्जन फाईल वेगळ्या एक्स्टेन्शनने जतन करतं आणि ती व्यावसायिक हुडिनीत उघडली की ते सेशनच अव्यावसायिक होऊन बसतं. मशीनचे भाग आखायच्या सॉलिडवर्क्सच्या स्टुडंट फाईलवरही शिक्का असतो. म्हणजे एका मुलाच्या फाईलमुळे अख्ख्या ऑफिसचा प्रोजेक्ट अडू शकतो. शिवाय गिऱ्हाइक आता मूळ फाईल मागतं, कारण पुढच्या वर्षी सोंड डावीकडची उजवीकडे करायची असते.

सगळी स्टुडंट लायसन सारखी नसतात, हे मात्र लक्षात घे. इथे लोक सरसकट बोलतात आणि चुकतात. ऱ्हायनो या मापाच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं विद्यार्थी लायसन मुदतीचं नाही आणि त्यावर व्यावसायिक काम करायलाही मुभा आहे. विद्यार्थी असताना घेतलं की शिक्षण संपल्यावरही तेच चालतं. शहापूरच्या दागिन्यांच्या कामात ज्यांना जायचंय, किंवा मूर्तीची प्रभावळ, सिंहासन, कमान अशी मापाची कामं करायची आहेत, त्यांना मी हेच सांगतो की कॉलेजात असतानाच ऱ्हायनो घेऊन ठेवा. मात्र त्यात चेहरा घडवायला जाऊ नकोस, ते त्याचं काम नव्हे. ऑटोडेस्क कंपनीचं अगदी उलट. त्यांचं माया हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला फुकट मिळतं, पात्रता असेपर्यंत दर वर्षी नूतनीकरण होतं, पण व्यावसायिक वापर पूर्ण बंद. हुडिनीची मधली पायरी आहे, इंडी नावाची, वर्षाची कमाई 1 लाख डॉलरच्या आत असलेल्यांसाठी. म्हणून "स्टुडंट" हा शब्द वाचून थांबू नकोस, खालचा करार उघड. त्यात "नॉन-कमर्शियल" कुठे येतं आणि त्याची व्याख्या काय दिली आहे, एवढं शोधलंस तरी निम्मं काम झालं.

झीब्रशबद्दल जुने लोक तुला सांगतील, "एकदा पैसे साठव आणि कायमचं घेऊन टाक." तो सल्ला त्यांच्या काळात बरोबर होता. पिक्सोलॉजिक कंपनी असताना एकदा विकत घेतलं की वर्षानुवर्षं नवी आवृत्ती फुकट मिळायची. 2022 च्या सुरुवातीला ती कंपनी मॅक्सनकडे गेली आणि पुढे कायमचं लायसन विकणं बंद झालं. आता महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं. ज्यांच्याकडे जुनं कायमचं लायसन आहे ते त्यावर अजून काम करतात. तुला तो रस्ता उरलेला नाही.

आणि क्रॅक, म्हणजे लायसनचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत. गल्लीत कुणीतरी दोन-तीनशे रुपयांत टाकून देतो, हे मला माहीत आहे. स्टुडंट लायसनच्या अटी मोडणं आणि क्रॅक वापरणं यांत फरक आहे, पण दोन्हीकडे जाऊ नकोस. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 ब नुसार, चोरीची प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर संगणकावर वापरलं तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. कमाईसाठी वापरलं नसेल तर न्यायालय कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. म्हणजे धंदा आला की कायद्याची नजर कडक होते. शिवाय मामांच्या कारखान्यात बिलाचा संगणक तोच असेल तर त्या क्रॅकबरोबर काय काय आत येईल याचाही विचार कर.

आता तू काय करावंस ते सांगतो.

मामांचं आणि मंडळाचं, दोन्ही कामं ब्लेंडर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कर. हा नाइलाजाने दिलेला सल्ला नाही, माझी अर्धी मूर्तिकामं आज ब्लेंडरमध्ये होतात. 2002 मध्ये लोकांनी सात आठवड्यांत 1 लाख युरो गोळा करून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला. तेव्हापासून ते जीपीएल या मोकळ्या लायसनखाली आहे. त्यात केलेलं काम पूर्ण तुझं, विक, छाप, भाड्याने दे, कुणाला विचारायला नको. 2019 च्या 2.81 आवृत्तीत व्हॉक्सेल रीमेश (आकाराची जाळी नव्याने एकसंध विणणारी सोय) आला आणि मातीचं काम करणाऱ्यांना ते खऱ्या अर्थाने वापरता यायला लागलं. कान चिकटव, सोंड ओढ, रीमेश दाब, सगळं एकजीव. झीब्रशमधल्या तशाच डायनामेशची सवय असेल तर दोन दिवसांत हात बसतो. बटणं शोधताना पहिला आठवडा चिडचिड होईल, ती होऊ दे.

ब्लेंडर कुठे कमी पडतं तेही सांगतो. झीब्रश बहुतेक काम प्रोसेसरवर करतं, त्यामुळे भारी ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावरही कोटभर पॉलिगॉन (आकार बनवणारे छोटे तुकडे) निमूटपणे फिरवतं. ब्लेंडरला तेवढ्यात धाप लागते. दागिन्यांची जाळी, पितांबराची जर, मुकुटातले खडे असं सगळं एकाच मूर्तीवर कोरायचं तर झीब्रशचा वेग वेगळाच. पण 18 इंची शाडूच्या चेहऱ्यासाठी इतका तपशील लागतच नाही. शाडू दाबताना केसाएवढी रेघ भरून जाते, त्यावर रंगाचे हात चढतात. पापणीची कडा, ओठाचा कोपरा आणि सोंडेच्या वळ्या स्वच्छ असल्या की चेहरा बोलतो. मामांना विचार, ते हेच सांगतील. साच्यातून सुटायला कानामागे आणि सोंडेखाली उतार ठेवलास का, हे ते सॉफ्टवेअरच्या नावाआधी विचारतील. टॅबवर काम करायची सवय असेल तर नोमॅड स्कल्प्ट आहे, अँड्रॉइड आणि आयपॅडवर एकदाच पैसे देऊन मिळतं. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी निपाणीहून बसमध्ये येता येता त्यात ढोबळ आकार लावते आणि इथे येऊन ब्लेंडरमध्ये पूर्ण करते.

झीब्रशचं स्टुडंट लायसन टाकून देऊ नकोस. शिकायला त्याच्यासारखं नाही, आणि तुला पुढे पुण्या-बेंगळुरूच्या स्टुडिओत जायचं असेल तर तिथे तेच विचारतात. फक्त फाईली वेगळ्या ठेव. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी दोन फोल्डर करायला लावतो, "शिकणं" आणि "काम", दोन वेगळ्या ड्राइव्हवर. इकडची फाईल तिकडे जात नाही. ब्रश नाही, अल्फा (नक्षीचा छाप) नाही, ओबीजे (आकाराची फाईल) नाही.

कमर्शियल कधी घ्यायचं, तर हिशेब करून. मी शेवटचं पाहिलं तेव्हा झीब्रशचं वर्षाचं भाडं 400 डॉलरच्या जवळपास होतं आणि महिन्याचं 50 च्या. वर 18 टक्के जीएसटी धर. म्हणजे महिन्याला साधारण 5 हजार, वर्षाला 40 हजारांच्या थोडं वर. भरण्याआधी त्या दिवसाचा दर बघून घे, हे आकडे हलतात. यावरून दिसतं की वर्षातले आठ महिने काम असेल तरच वार्षिक परवडतं. आपल्याकडे मूर्तीचे मास्टर, म्हणजे साचा काढायचे मूळ नमुने, साधारण शिमग्याच्या आगेमागे सुरू होतात आणि पावसाच्या आधी साचे तयार लागतात. म्हणजे खरं काम तीन महिन्यांचं. तीन महिने भाडं भर, बाकी वर्ष बंद ठेव. आणि ते भाडं गिऱ्हाइकाला सांगितलेल्या किमतीत धर. मंडळ 12 हजार देतंय, त्यातून 5 हजार एका महिन्याचे गेले तर हातात 7 राहतात. त्यात छपाई, घासकाम, पुट्टी आली तर तू तोट्यात आहेस. म्हणून या कामाला ब्लेंडर. जेव्हा एका महिन्यात 25-30 हजारांचं काम हातात असेल आणि झीब्रशमुळे तुझे पाच-सहा दिवस वाचत असतील, तेव्हा डोळे झाकून घे.

पैसे भरताना दोन गोष्टी इथे हमखास अडतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी व्यवहार सुरू करावा लागतो, तो मुळात बंद असतो. आणि दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातील असं समजू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या ऑटो-डेबिटच्या नियमांमुळे परदेशी वर्गणी बऱ्याचदा अडकते आणि सॉफ्टवेअर ऐन कामात बंद पडतं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. बिल डाउनलोड करून "काम"च्या फोल्डरमध्ये टाक. मला ज्या कागदाअभावी 11 दिवस घालवावे लागले, तो हाच.

स्टुडंट पडताळणीचंही आपल्या भागात एक आहे. काही कॉलेजांचं ओळखपत्र फक्त कन्नडमध्ये असतं, आणि परदेशी पडताळणीत ते वाचलं जात नाही, अर्ज परत येतो. कॉलेजच्या ऑफिसमधून इंग्रजीत बोनाफाईड घे. त्यावर तुझं नाव, कॉलेजचं पूर्ण नाव आणि चालू शैक्षणिक वर्ष असू दे. नावाचं स्पेलिंग खात्यात टाकलेल्यासारखंच हवं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, अशी आपल्याकडच्या बऱ्याच मुलांची गत असते.

उद्या चंदगड-कोल्हापूरकडची कामं यायला लागली तर आणखी एक विचार करावा लागेल. राज्याबाहेर नुसती फाईल पाठवणं ही सेवा झाली, छापलेला मास्टर पाठवणं हा माल झाला. दोन्हींना जीएसटीचे नियम वेगळे लागतात. पहिलं बिल करण्याआधी सीएकडे अर्धा तास बस. अंतर फार नसलं तरी मधे राज्याची हद्द आहे.

शेवटी तुझ्या हातात आत्ता असलेला चेहरा. तो झीब्रशच्या स्टुडंट लायसनवर झालाय, त्यामुळे साच्याला देऊ नकोस. पोर्टफोलिओत ठेव, चांगला असेल तर परीक्षेला लाव. ब्लेंडरमध्ये त्याचा ओबीजे आणून त्यावरून गिरवायचंही नाही, तेही तेच काम झालं. त्याऐवजी असं कर. मामांच्या कारखान्यात त्यांच्या हातचा एखादा जुना शाडूचा चेहरा असेलच, बहुतेक माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला. तो खाली काढ, ओल्या ब्रशने धूळ पूस, वाळू दे आणि सकाळच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी पाटावर ठेव. मोबाईलने चारी बाजूंनी फोटो काढ, 60-70 तरी, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा मोठा भाग यायला हवा. मेशरूम नावाचं मोकळं सॉफ्टवेअर आहे, ते त्यावरून त्रिमिती आकार करून देतं. त्याला एनव्हिडियाचं कार्ड लागतं, तुझ्याकडे नसेल तर कॉलेजच्या मित्राकडे बस. आकार ओबडधोबड येईल, डोळ्यांच्या खोबणीत खड्डे असतील. तो ब्लेंडरमध्ये घे आणि त्यावर काम सुरू कर. प्रमाण मामांच्या हातचं राहील, कपाळ आणि गाल त्यांच्या गिऱ्हाइकांच्या ओळखीचे राहतील. पापण्या आणि सोंड मात्र तुझ्या हातची होऊ दे. मंडळाला याच चेहऱ्याचा फेरफार द्यायचा असेल तर आधी मामांना विचार, कारण मूळ माती त्यांची आहे.